बबनने सेटवर सांगितलं ते

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमची तुकडी वरच्या पोस्टवर चढली. उंची सतरा हजार फूट. आम्ही एकवीस जण. माझं काम रेडिओ ऑपरेटरचं. मी आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचा. आमच्या घरात सातवीच्या पुढे शिकलेला पहिलाच मी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पुस्तकं मी सुभेदार साहेबांच्या परवानगीने वर नेली होती. त्या परवानगीचे उपकार आजही माझ्यावर आहेत.

साहेब माणसाला गावाच्या नावाने हाक मारत. मी ‘निरगुडसर’. माझा बडी, म्हणजे जोडीदार, नायक बबन कुटे. तो जुन्नरच्या पिंपरी पेंढारचा, म्हणून ‘पिंपरी’. रोज संध्याकाळी पाच वाजता मोजे काढून बडीने बडीच्या पायाची बोटं तपासायची, असा नियम होता. बोट पांढरं पडलं तर हिमदंशाची सुरुवात. बबन माझं पाऊल मांडीवर घेऊन म्हणायचा, “आंबेगावची बोटं नारायणगावच्या टोमॅटोगत लाल हायेत. चालतंय.”

मग विचारायचा, “बाकी ठीक?”

“ठीक.”

रोज सकाळी सात वाजता मी खाली बेसला ‘ओके रिपोर्ट’ द्यायचो. माणसं एकवीस, सगळे ओके. त्याआधी साहेब एकेकाला विचारत. प्रत्येक जण म्हणे, “ठीक है, साहब.” आजारी म्हणून खाली पाठवलं तर पलटण काय म्हणेल, ही धास्ती सगळ्यांना होती. बोटं आम्ही रोज उघडून दाखवत होतो. डोक्यात काय चाललंय ते कोणीच दाखवत नव्हतं.

पुढे एका सोमवारी मंचरला माझ्या आईचं ऑपरेशन होतं. घरी बोलायला एक सॅटेलाइट फोन होता, तो नेमका नादुरुस्त झाला. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन रात्री मला झोप नाही. छाती धडधडायची. रेडिओ सेट बंद असला तरी कानात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. गुरुवारी सकाळी साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, “ठीक है, साहब.”

७.२० ला सहा जणांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, वाटेवर झेंडे लावत वरच्या धारेकडे निघालं. सहाही जण एका दोराला बांधलेले. बबन मधोमध. तो आमच्यातला सर्वांत दणकट गडी. गावच्या यात्रेत कुस्त्या मारलेला.

११.१० ला सेट खरखरला.

“पेट्रोल फॉर पोस्ट. नायक कुटे बोलतोय. मी ओके न्हाई. डोकं फुटतंय, पाय ऐकत न्हाईत. मला दोरावर पुढं नेऊ नका. मी पडलो तर बाकीचे पाच माझ्यासंगं जातील. ओव्हर.”

बंकरमध्ये आम्ही सात-आठ जण होतो. कोणी हललं नाही. स्टोव्हवर चहा उतू गेला, तोही कोणी उतरवला नाही. असा रिपोर्ट माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत मी सेटवर ऐकला नव्हता. पेट्रोल कमांडरलाही काही कळलं नव्हतं, कारण त्या क्षणापर्यंत बबन सरळ चालत होता.

साहेबांनी मायक्रोफोन घेतला. “पिंपरी, शाबास. पेट्रोल, तिथूनच मागे फिरा. आउट.”

मग माझ्या तोंडून निघालं, “साहेब, मीपण ओके नाही.”

“काय होतंय?”

“तीन रात्री झोप नाही. नसलेले आवाज ऐकू येतात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सेटवरून उठवणार. ते म्हणाले, “आत्ता सांगितलंस, बरं केलंस. थोरवे, याच्या शेजारी बस. दोघांनी वेगवेगळं लिहायचं. जुळलं तरच पुढं द्यायचं.”

लान्स नायक थोरवे कागद घेऊन बसला.

साडेबारापर्यंत ढग उतरले. दहा पावलांपलीकडचं दिसेना. बबनला चालवेना. स्ट्रेचर आणि ऑक्सिजन घेऊन सहा जणांची पार्टी पोस्टवरून निघाली. १.४० ला पेट्रोलने आपली जागा कळवली. मी लिहिलं : तिसरा झेंडा, डावीकडे शंभर पावलं. थोरवेच्या कागदावर होतं : उजवीकडे.

मी पुन्हा विचारलं. “से अगेन.”

“राइट. तिसऱ्या झेंड्याच्या राइटला.”

डावीकडे बर्फाने झाकलेली खोल भेग होती. सकाळी त्याच पेट्रोलने ती कळवली होती आणि लॉगमध्ये माझ्याच हाताने नोंदली होती. तरीही मी डावीकडे लिहिलं. माझी खात्री होती की मी तेच ऐकलं. त्या दिवशी गप्प राहिलो असतो, तर मी सहा माणसं त्या भेगेवर पाठवली असती.

४.०५ ला सगळे परत आले. बबनला ऑक्सिजन लावला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. खाली न्यायला हेलिकॉप्टर हवं होतं, पण ढगांमुळे ते येऊ शकलं नाही. मी त्याचे बूट काढून बोटं पाहिली. तो म्हणाला, “तू झोप आता.” ५.५० ला तो गेला.

रविवारी बेसवरून निरोप आला. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं, सोमवारीच. माझी काळजी फुकट गेली, पण त्या काळजीने माझे कान खरोखर बिघडवले होते.

आता मी रिटायर आहे. मंचरच्या बाजारात पारसशेठ कापडाचं दुकान चालवतात. दोन महिने त्यांच्या छातीत धडधडत होतं. घरी सांगेनात. मला म्हणाले, “राव, तुमी बर्फात ऱ्हायले. आमचं काउंटरवरचं कसलं टेन्शन?” मी म्हणालो, “शेठ, धडधडीला काउंटर काय नि बर्फ काय?” त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. परवा म्हणाले, निम्मं सांगतानाच उतरलं.

बबनच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला मी दर वर्षी पिंपरी पेंढारला जातो. पहिल्या वर्षी त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, विचारलं होतं, “शेवटाला कसा व्हता?” मी म्हणालो होतो, “ठीक होता.” स्टेजवर पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की त्याने शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. मी खाली मान घालून बसलो.

दुसऱ्या वर्षी कार्यक्रम आटोपल्यावर आण्णांना गोठ्याकडे नेलं आणि ११.१० ला तो सेटवर काय बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं. मला भीती होती की त्यांना कमीपणा वाटेल.

“सगळ्यांम्होरं बोलला?” त्यांनी विचारलं.

“हो. रेडिओवर.”

आण्णा म्हणाले, “त्याच्या आज्यानं न्हाई, म्या न्हाई. आमच्यात असं कुणी कधी बोललं न्हाई. ह्यानं कुठनं आणलं वो हे?”

मी त्यांच्या शेजारी बसलो.

मग ते हळूच म्हणाले, “पावणं, मलाबी झोप न्हाई. बबन गेल्यापासनं.”

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी आम्ही दोघे नारायणगावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय होतंय? आण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं स्वतः सांगितलं.

नायक बबन कुटे, पिंपरी पेंढार. वय एकोणतीस. पलटणीत मी धाडसाची बरीच कामं पाहिली, काहींना पदकंही मिळाली. सेटवरच्या त्या चार-पाच वाक्यांच्या तोडीचं त्यात एकही नव्हतं.