शालूच्या बैठकीत मला मत नव्हतं

शालू गेल्याची बातमी मला तिच्या संस्थेतल्या रामदासने दिली. सकाळची वेळ होती, हे फॅक्टरीच्या बसने निघून गेले होते आणि मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात कपडे पिळत होते, तेव्हा त्याचा फोन आला. "मंदाताई, शालूताई गेली जी..." एवढं बोलून तो रडू लागला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? याला माझ्याआधी कसं कळलं, हे! ताप फुप्फुसात उतरला, तिला नागपूरला हलवलं, तिच्या उशाशी हा बसून राहिला आणि तोवर जवाहरनगरात मला कुणाचा साधा फोन नाही. "ताईच नको म्हने. मंदीचा जीव लवकर घाबरते, तिले सांगू नोका म्हने," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणूनच त्याने ते सांगितलं असणार. पण मला तेही टोचलं. माझ्याबद्दल ती शेवटचं जे बोलली, तेसुद्धा त्याच्याजवळ बोलली.

पेपरच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असा निरोप आला, तेव्हा समाजसेविका शालिनीताईंवर मला लिहिता येणार नाही, असं मी सांगून टाकलं. त्या ताईंना ओळखणारे जिल्हाभर आहेत. मला ठाऊक आहे ती आसगावची शालू, चालायला लागली न लागली तोच तापात दोन्ही पाय गेलेली, विहाराजवळच्या घरातली. आमचं घर तलावाकडे. तिची आई धानाच्या रोवणीला गेली की तिला शाळेत न्यायला कुणी नसायचं, म्हणून बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून मी तिला न्यायला लागले. सीटवरून माझे पाय पोचत नव्हते, म्हणून मी सायकल हातानेच ढकलायची. पावसाळ्यात रस्ता आणि धानाची बांधी यातला फरक कळायचा नाही. मी घामाघूम, आणि मागून हिचे हुकूम, "डावीकून घे व! तिकडं गारा हाय, मले पाडशीन!" एकदा दोघी खरंच चिखलात पडलो. मी रडत होते आणि ती चिखलात बसून पोट धरून हसत होती. गावात कुणी नुसतं 'मंदी' म्हटलं की लगेच 'शालू' म्हणायचे. वर्गात तिच्या शेजारी दुसरी कुणी बसली, तर माझं त्या दिवशी गणितात लक्ष लागत नसे.

मग माझं लग्न झालं, मी इकडे आले. ती गावातच राहिली, बाहेरून बी.ए. झाली, शिकवण्या घेऊ लागली, आणि तिला हाताने चालवायची तीनचाकी मिळाली. तिच्यावर बसून ती गावभर फिरते हे मला आईकडून कळलं. सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही झाला... पण त्या तीनचाकीकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, घरात आलेल्या नव्या सुनेकडे बघावं तशी पाहत राहिले होते.

रामदास तिला भंडाऱ्याला भेटला, अपंगांच्या प्रमाणपत्राच्या रांगेत. जन्मापासून आंधळा, वैनगंगेकाठच्या, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि घरच्यांसोबत तो नव्या वसाहतीत आला. जुन्या गावात तो कुणाचा हात न धरता नदीवर जायचा. नव्या गावात सगळे रस्ते सरळ, सगळी घरं एकसारखी, त्याला स्वतःचं दार सापडेना. कितीदा तरी तो दुसऱ्याच्याच घरात शिरायचा, लोक हसायचे, म्हणून त्याने बाहेर पडणंच सोडलं होतं. शालू तीनचाकी घेऊन त्या वसाहतीत गेली. पंधरवडाभर रोज त्याला तीनचाकीचा मागचा दांडा धरायला लावून तिने गल्ल्या फिरवल्या. कुठे हातपंप, कुठे पिठाची गिरणी, कुठे कुणाचा बैल बांधलेला. पुढे हीच गोष्ट ती भाषणात सांगायची. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी विचार करत होते, हिला मागून धरून चालायचं काम तर माझं होतं.

त्यानंतरचा एक प्रसंग मात्र मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका कार्यालयात अपंगांच्या पेन्शनची तपासणी होती, ती ठेवलेली वरच्या मजल्यावर. दरवर्षी लोक हातांवर, ढोपरांवर, कुणाच्या पाठीवर वर जायचे. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते, शालूला उचलून न्यायचं म्हणून. मी पदर खोचून वाकले, तर ती म्हणाली, "थांब. आज कोनी वर जानार नाही. सायबाले खाली बोलवा." शिपाई हसला, मग चिडला, मग वर जाऊन आला. सगळे जिन्याच्या पायथ्याशी बसून राहिले. दुपारी तिथेच डबे उघडले. कोपऱ्यातली एक म्हातारी घाबरून म्हणत होती, "बाई, पेन्शन बंद करन ना तो..." शालू तिला म्हणाली, "करू दे. बंद केलं का उद्यापासून रोजच इथं जेवू." मी काळजीने तिच्या शेजारी उभी होते. तेव्हा ती माझा पदर ओढून म्हणाली, "मंदे, खाली बस ना व. मान दुखून राहिली वर पाहू पाहू." ऊन कललं तेव्हा वरून टेबल उतरलं, मागोमाग खुर्ची, आणि शेवटी साहेब. लोकांनी शालूला हार घातला नाही की काही नाही, नुसते हसत सुटले. रामदास तर जिन्याच्या कठड्यावर थाप मारून हसत होता. माझे हात त्या दिवशी रिकामेच राहिले.

त्या जिन्यावरूनच संस्था निघाली. मी नाव सुचवलं, 'आधार'. "आधार नोको. कोनी तरी धरून राहिलं असं वाटते," ती म्हणाली आणि 'बैठक' हे नाव तिने ठेवलं. आपण बसलेलीच माणसं, बसूनच ठरवू, म्हणून. पहिल्या सभेला तिच्या घराच्या पडवीत मी चहा करत होते. आतून मला ऐकू आलं, कारभारी मंडळात सगळे अपंगच असतील, बाकीच्यांनी यावं, काम करावं, पण मत द्यायचं नाही. मी कपबशांचा ट्रे तसाच खाली ठेवला.

"मंग मी कोन?" मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"तू मंदी होय."

"मंदीले मत नाही?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "मंदे, लहानपणापासून माह्या वतीनं सारे बोलले. माय बोलली, मास्तर बोलले, तू बी बोलली. आता आमाले बोलू दे. चुकलो तं चुकलो."

"मी तुह्या वाईटासाठी बोलली का वं?"

"नाही. म्हनून तं तुले थांबवनं जड जाते."

त्या सभेत अध्यक्ष म्हणून रामदासचं नाव तिनेच पुढे केलं. मी सगळ्यांना चहा दिला, त्यालाही दिला. पण त्याचा कप त्याच्या हातात ठेवताना वाटलं ते वाटलं.

पुढे 'बैठक' वाढत गेली. तीनचाकी दुरुस्तीचं दुकान निघालं, त्यात कामाला अपंगच. बँकेसमोर, ग्रामपंचायतीसमोर उतार झाले. मुक्या-बहिऱ्या मुली शिवणकाम शिकून पवनीला दुकान चालवू लागल्या. मी जमेल तेव्हा जायची, सतरंज्या घालायची, डबे न्यायची. तिचे फोटो पेपरात यायचे, आमच्या कॉलनीत बाया म्हणायच्या, "तुमची मैत्रीण ना?" मी हो म्हणायची, अभिमानानेच म्हणायची. पण फोटोत तिच्या खांद्याला खांदा लावून रामदास असायचा. ती त्याच्याजवळ जे हसायची, त्यातल्या निम्म्या गोष्टी मला कळायच्याही नाहीत. वस्तीतल्या लोकांनी त्या दोघांबद्दल बोलूनही पाहिलं. तसं काही नव्हतं हे मला ठाऊक होतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. नवऱ्याचा हेवा मैत्रिणीला करता येतो. कामाचा हेवा कसा करायचा, आणि कुणाजवळ सांगायचा?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आसगावला पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या, कुबड्या, व्हीलचेअर, हातवारे करून बोलणारी माणसं. एकेक जण उठून, किंवा बसूनच, सांगत होता. ताई मला सगळ्यात जास्त मानायची, ताई फक्त माझं ऐकायची. प्रत्येकाला तसंच वाटत होतं! मला बोलायला सांगितलं तर मी नको म्हटलं. रामदास माझ्याच बाजूला बसला होता. त्याने आवाजावरून मला ओळखलं आणि हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू का? मले तुमचा लय राग यायचा. आमी काही बी केलं ना, का शालूताई म्हने, मंदी असती तं असं म्हनली असती." या माणसाने इतकी वर्षं माझा हेवा केला, आणि मला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही...

लोक पांगल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. ते तिने स्वतःच्या मापाने बांधून घेतलेलं. ओटा गुडघ्याएवढा, नळ खाली, मिठामिरचीचे डबे बसल्या जागी हाताला येतील असे. मी खाली बसून चहाचं आधण ठेवलं. तिच्या भावाची बायको, पुष्पा, कप विसळत होती. बसल्या बसल्या माझं लक्ष वर गेलं. त्या साऱ्या बुटक्या खोलीत एकच फळी होती उंचावर, उभ्या माणसाचा हात पोचेल एवढी, आणि तिच्यावर एकच पितळी डबा.

"हे वर काहून ठेवलं?" मी विचारलं.

"ताईनंच ठेवाले लावलं. अनारसे करून भरे त्यात, मंग वर ठेवाले लावे. तिले खावं वाटे तं आमी म्हनो, काढून देतो, तं हात लावू देत नव्हती. मंदी आली का काढन म्हने."

मला आठवलं, आल्याबरोबर ती नेहमी म्हणायची, "डबा काढ वं." घरात माणसं असताना मलाच का सांगते, असा विचार मी कधी केला नव्हता. मी उठले, डबा खाली काढला. तळाशी थोडे अनारसे होते, मऊ पडलेले. पुष्पाला एक दिला, एक मी खाल्ला.

"द्या, मी ठेवतो वरती," पुष्पा हात पुढे करून म्हणाली.

"नोको," मी म्हटलं. "मीच ठेवतो."