हॉइटच्या गळ्यातलं नाणं

...तर मी विनेलचं सांगत होते. तुझ्या आईला जिनं पोहायला शिकवलं ती. समुद्राकडे जायच्या रस्त्यावर गळ आणि आमिष विकायचं दुकान होतं तिचं. वादळ येऊन गेलं की किनाऱ्याची वाळू उपसली जायची, आणि मग माणसं मूठ आवळून तिच्या दारात. जुनी स्पॅनिश गलबतं बुडालीत ना आपल्या किनाऱ्याला, त्यातलं नाणं सापडलं म्हणायची.

विनेल नाण्याच्या कडेवरून नख फिरवायची. साच्यात ओतलेलं असलं की सांध्याची रेघ नखाला लागते, अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. "पर्यटकांसाठी दुकानात विकतात तसलं आहे, आठवण म्हणून ठेवा," एवढंच सांगायची. कुणी रडो, कुणी शिव्या देवो, खोटं बोलली नाही. खरं नाणं हातोड्यानं ठोकलेलं, म्हणायची, एकासारखं दुसरं नसतंच. दोन जुळी दिसली की समजा, दोन्ही नकली.

नवरा तिचा हॉइट, पाणबुड्या. इतके उन्हाळे समुद्राच्या तळाशी घालवले, हाती लागलं ते एकच नाणं, लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून ते त्याच्या गळ्यात. विनेल नाणी ओळखायला शिकली ती नंतर. आणि घरच्या माणसाची कुणी परीक्षा घेतं का?

पुढं हॉइटची फुप्फुसं गेली. व्हरांड्यात बसून ऑक्सिजनच्या नळीनं श्वास घ्यायचा. त्याच्या मनानं घेतलं, नाणं गावातल्या संग्रहालयाला द्यायचं. काचेच्या पेटीत नाणं, खाली आपलं नाव. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगूनही झालं. शुक्रवारी संग्रहालयाची माणसं नाणं न्यायला येणार होती.

बुधवारी ओहायोची एक बाई दुकानात आली. वडलांनी चाळीस वर्षांमागं इथल्याच टपरीवर घेतलेलं नाणं घेऊन. डावा कोपरा तुटका, क्रूस तिरका, पायाशी चीर. विनेल बघतच राहिली. रोज उशाशी दिसणारं नाणं ते, हुबेहूब.

दुकान बंद करून ती घरी आली आणि हॉइटकडं नाणं मागितलं. तो हसला. म्हणाला, "आता म्हातारपणी नवऱ्यावर संशय यायला लागला होय?"

तिनं नख फिरवलं. रेघ लागली. गप्प बसली असती, पण शुक्रवारी परक्या माणसांनी चारचौघांत सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं वाटलं तिला.

"हॉइट, दुकानातलं आहे हे. कुणाच्या तरी होडीतनं पडलं असेल."

त्यानं नाणं तिच्या हातातून परत घेतलं. मग म्हणाला, "बत्तीस वर्षं शेजारी झोपलीस, एकदा तरी बघायचं होतंस. मी दुसरं शोधलं असतं गं."

शुक्रवारची माणसं तिनं दारातूनच परत पाठवली. हॉइटनं खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली, समुद्राकडं पाठ. धुरी दिलेला मासा आवडायचा त्याला, म्हणून मी घेऊन जायचे, तर तोही तसाच ताटात. पानगळीत मुलेट माशांचे थवे येतात ना, त्याच्या आधीच गेला बघ.

विनेल आता नाण्याला हात लावत नाही. कुणी पुढं केलं की हात पाठीमागं घेते. तरी माणसं मोटेलवर पत्ता विचारून जातातच. म्हणून तू जाता जाता त्या मोटेलवाल्या डार्नेलला माझा निरोप सांग, वाळूत काही सापडलेल्यांना विनेलचं घर दाखवू नकोस म्हणावं.