श्रद्धांजलीखालचा फोन नंबर

दुःख कसं करावं याबाबत साऱ्या नागपुरात आमच्या साडभाऊंइतका चोखंदळ माणूस सापडायचा नाही. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शहरालगतच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर होते, आणि मलाही त्यांनीच तिथे बुकिंगला चिकटवलं. लोक लग्नातल्या जेवणाला नावं ठेवतात, हे श्रद्धांजलीच्या फलकांना ठेवायचे. देशातल्या एखाद्या मोठ्या दुर्घटनेचा स्मृतिदिन आला की स्कूटर काढून चौकाचौकांत हिंडायचे आणि पुढाऱ्याचा फोटो जास्तच मोठा दिसला की अनोळखी पानवाल्यालाही विचारायचे, "हे रडून राहिले का मतं मागून राहिले?" एका मिठाईवाल्याने शहिदांना अभिवादन करून त्याच पाटीवर सोनपापडीला सूट जाहीर केली, तर हे दुकानात शिरून म्हणाले, "डबा द्या, पण सूट नका देऊ गा. मले लाज वाटते." तो डबा आम्हीच संपवला.

ऑफिसात मौन पाळायचं म्हणजे एप्रिल असो की मे, आधी पंखा बंद. मग सगळ्यांचे मोबाइल टेबलाच्या खणात. एकदा खणातूनच कुणाचं तरी ढिंच्याक गाणं सुरू झालं. साडभाऊ डोळे मिटून ते संपेपर्यंत तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून!" आम्ही घामाने निथळत पुन्हा उभे राहिलो.

महामारीच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गाड्यांनी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवले. त्या फेऱ्यांमध्येच आमचा एक ड्रायव्हर आजारी पडला आणि गेला. त्यानंतर दर एप्रिलात त्याच्या स्मृतिदिनी कंपनीचे शेठ गेटवर मोठा फलक लावायचे, त्याच्या बायकोला खाली उभं करून फोटो काढायचे आणि तो साऱ्या ग्राहकांना पाठवायचे. एका वर्षी छपाईवाल्याने आमच्या जुन्या जाहिरातीवरच मजकूर चढवला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'चोवीस तास सेवा, बुकिंगसाठी संपर्क' आणि माझा नंबर. सकाळीच एकाने मला रायपूरला संत्री पाठवायचा भाव विचारला. ती बाई फलकाखाली पदर सावरत उभी होती. साडभाऊंनी शिडी मागवली आणि सगळ्यांदेखत फलक उतरवला.

शेठ भडकले. "फलकच नाही लावला तर लोकायले कसं समजन, आपण विसरलो नाही म्हणून?"

"लोकायचं राहू द्या. हिले कोणी विचारलं का?" साडभाऊ तिच्याकडे वळले. "सांग वं बाई, तुले काय पाहिजे?"

ती फलकाच्या जागेवरून बाजूला झाली. मग म्हणाली, "मले फोटोत नका उभं करू, भाऊ. त्यायची गाडी या दिवशी कोणाले चालवाले देऊ नका. बस."

गाडी तर भरून तयार होती. माल आजच पोचायला हवा, असं शेठ म्हणू लागले. साडभाऊंनी खिशातून ऑफिसच्या चाव्या काढून त्यांच्या हातात दिल्या. "गाडी निघाली तर मी बी निघालो." शेठनी चाव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि चाव्या परत केल्या. माल दुसऱ्या गाडीने गेला.

पुढच्या वर्षी फलक नव्हता, फोटो नव्हता. गाडी धुऊन कडुनिंबाखाली उभी केली होती. ती बाई डबा घेऊन आली आणि केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. यार्डातल्या ड्रायव्हरांनी कुणी न सांगता इंजिनं बंद केली. मी साडभाऊंकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या शोकातल्या चुका काढणारा हा माणूस हळूच म्हणाला, "इथं मले काही सांगायचं नाही गा." मला त्या दिवशी ते फार आवडले.

आता ते निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे असतात. त्यांची कटकट मला इतकी आठवेल असं वाटलं नव्हतं. दर वर्षी त्या स्मृतिदिनी सकाळी मात्र त्यांचा फोन येतोच. "गाडी उभी आहे ना गा?"

यंदा मला सांगावं लागलं की गाडी भंगारात गेली.

"आन ती बाई?"

"आली ना. यार्डातल्या पोरांनी निंबाखालची जागा झाडून रिकामी ठेवली होती. तिथंच बसून आहे."

"मंग फोन ठेव," ते म्हणाले. "आता बोलू नको."

मी फोन ठेवला आणि उठून पंखा बंद केला.