शून्याकडे न जाणारं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी सिगारेटही कधी लपवता आली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपुरात मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि शालिनी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. कन्हानहून बसने यायची, डबा खाताखाताही गणितं करायची. विषय होता प्रतिप्रोटॉन — वजन प्रोटॉनइतकंच, पण विद्युतभार उलटा, ऋण. असा कण हायड्रोजनच्या अणूजवळून अगदी हळू गेला, तर त्यातला एकुलता इलेक्ट्रॉन सुटून जाईल का?

प्रोटॉन हळू गेला तर असं सुटणं जवळपास थांबतं. तेव्हा इथेही उत्तर शून्याकडेच जाणार, असं मी धरून चाललो होतो. शालिनीचं उत्तर मात्र शून्याकडे जाईना. तिचं म्हणणं साधं होतं — उलट्या भाराचा कण केंद्राजवळ पोचला की केंद्राची ओढ पुसली जाते. मग इलेक्ट्रॉनला धरून ठेवणार कोण?

आमच्याकडे एक शिस्त होती, मीच लावलेली. प्रत्येक गणित दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत करायचं आणि शेवटचा आकडा आल्यावरच वह्या समोरासमोर उघडायच्या. तिची चाळीस पानं झाली. माझी? — एकही नाही. मे महिना होता, कंटाळा आला होता... आणि खरं सांगू? विद्यार्थिनीने मला चुकीचं ठरवावं, हे मला सोसणारच नव्हतं. मी म्हणालो, "वही घरी राहिली. पण माझं शून्याकडेच जातं. तुझी कुठेतरी चिन्हाची चूक असेल, शोध."

ती शोधत राहिली. दीड वर्ष. तीच चाळीस पानं — पुन्हा, मग पुन्हा. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "सर, मले चूक सापडतच नाही. काहून सापडत नसंल?" डोळे सुजलेले होते. आणि मी काय म्हणालो? — "लक्ष लागत नसेल." थोड्याच दिवसांत तिने पीएच.डी. सोडली आणि कन्हानच्या एका शाळेत शिकवू लागली.

ती सोडून गेल्यावर मी ते गणित केलं. तीन आठवडे लागले. तिचाच आकडा आला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मी होतो. कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं — लिहिलं नाही.

काही वर्षांनी ती बसस्टँडवर भेटली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, "सर, पोरींले अजून तुमचंच उदाहरण देते. म्हणते, आपलं चुकलं तं मान्य करा. सरांनी माझी चूक पकडली, नाही तं मी खोटंच छापून बसली असती."

मी "छान" म्हणालो. तिची बस आली. तिने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला.

शालिनीचं उत्तर बरोबर होतं.