मधलं चेंबर

आमच्या सोसायटीच्या आवारात एका माणसाचा डोळा गेला. त्याच्याच चुकीनं गेला, असं सगळे समजतात. माझी बायकोही तेच समजते. तो माझ्यामुळे गेला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून सांगत नाही. मला राग आलाय. बराचसा स्वतःचा, उरलेला इतरांचा. वाटणी तुम्हीच करा.

तो जेटिंगची गाडी घेऊन यायचा. तुंबलेल्या ड्रेनेज लाइनीत जाड रबरी पाइप सोडायचा आणि पाण्याच्या जोरानं आतली घाण फोडायची, हे त्याचं काम. पाइपाच्या टोकाला मुठीएवढं पितळी नोझल असतं. पाणी त्यातून मागच्या बाजूला सुटतं, म्हणून ते स्वतःच पुढं पुढं धावतं. तुमच्याही सोसायटीत अशी गाडी आली असेल. तुम्ही खिडकी लावून घेतली असेल.

आल्या आल्या तो पहारीनं झाकणावर ठोके मारायचा, झाकण सरकवायचा आणि खाली वाकून विचारायचा, "आहे का कोणी घरात?" झुरळं सैरावैरा बाहेर पडायची. मग आमच्याकडे वळून, "निघाले बघा तुमचे भाडेकरू. डिपॉझिट परत करा."

त्याचं नाव मला माहीत आहे. त्याला विचारल्याशिवाय ते इथं लिहिणं बरं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

मी मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीचा सेक्रेटरी. माझा जन्म तिथलाच. सेक्रेटरी म्हणजे काय, तर चेअरमननी ठरवायचं आणि मी ते लोकांना सांगायचं. पहिल्या दिवशी चेअरमन नाकाला रुमाल लावून खाली आले आणि त्याला म्हणाले, "आडनाव काय रे तुझं?"

"का? स्थळ बघताय?"

"नाही, सहज विचारलं."

"सहज कोण विचारत नाय, साहेब. आडनाव ऐकून गटार मोकळं होत असेल तर सांगतो. मग मशीन घरी घेऊन जातो."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात दडवलं. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा बरा बोलायचा. मी मात्र त्याला अरेतुरेच करत होतो. एकदा पाइप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "शेक्रेटरी, मी तुम्हाला तुम्ही म्हणतो. कधीतरी परत द्या की." मी वरमलो. तेव्हापासून मी त्याला काहीच म्हणेनासा झालो. 'ते झाकण जरा लावायला हवं', 'चहा घ्यायचा का', असं हवेत बोलायचो. तुम्ही म्हणायला माझी जीभ वळली नाही. एवढं साधं होतं.

रागीट होता, फार रागीट. लाइन मोकळी झाली की आतून निघालेलं सगळं तो गोणपाटावर मांडायचा आणि वर बघून हाक मारायचा, "या, बघा! तुमचंच आहे, लाजू नका!" बाळांचे डायपर, ओले टिश्यू, पॅड, पोछ्याच्या दोऱ्या, देवाची सुकलेली फुलं, आणि थिजलेल्या तेलाचे साबणासारखे पांढरे गठ्ठे. एका बाईंनी वरूनच सांगितलं, की टिश्यूच्या पाकिटावर फ्लश करता येतं असं लिहिलंय. तो म्हणाला, "लिहिणाऱ्याला बोलवा खाली. त्याला पण दाखवतो." पटापट खिडक्या बंद झाल्या. त्याला त्यात मजाही वाटायची, हे खरं. पण मजा वाटून झाली की तो बराच वेळ हात धूत राहायचा.

तळमजल्यावर एक काकू राहतात, एकट्या. जेटिंग चालू असलं की पाण्याचा दाब उलटा येतो आणि तळमजल्याच्या कमोडमधून उसळी मारतो. त्यानं काकूंना सांगितलं होतं, "झाकण लावा आणि वर वजन ठेवा." काकूंनी ऐकलं नाही. पंप सुरू झाला आणि आतून किंकाळी आली. तो धावत दारापर्यंत गेला आणि बाहेरूनच ओरडला, "काकी, गंगा आली काय?"

"मेल्या, छतापर्यंत आली!"

त्यांचा बाथरूम त्यानं स्वतः फिनेल टाकून घासून दिला. घासताना बडबड चालूच होती, "सांगितलं होतं ना? गव्हाचा डबा ठेवा सांगितलं होतं ना?" पुढच्या खेपेपासून काकू कमोडवर गव्हाचा डबा ठेवून त्यावर स्वतः बसायच्या, आणि त्याला चहा द्यायच्या तो घरातल्या कपबशीतून. बाकी आम्ही सगळे कागदी कपातून द्यायचो. तुम्हीही तेच देता. मी सांगतो म्हणून एकदा बघा स्वतःच्या घरात.

एका गोष्टीवर तो कुणाचं ऐकत नसे. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. एकदा नोझल कशालातरी अडलं, तेव्हा चेअरमन म्हणाले, "जरा खाली उतरून बघ ना. काय देणं होईल ते वेगळं देऊ."

त्यानं पंप बंद करायची खूण केली. पाइप ओढून घेतला. उघड्या चेंबरच्या कडेला बसला, डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांसमोर चपाती आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला लागला.

"हे काय चाललंय?" चेअरमन म्हणाले.

"जेवतोय. तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा, मी पाय काढतो. पाणी आहे ना जायला? माणूस कशाला?"

चेअरमन निघून गेले. मी तिथंच घुटमळत होतो. मान वर न करता तो म्हणाला, "माझा बाप उतरायचा. एकदा उतरला तो उतरलाच." आणि चटणी पुढं केली. मी नको म्हणालो. पोट भरलंय म्हणालो.

आता त्या चेंबरचं.

इमारतीपासून गेटपर्यंत जी लांब लाइन आहे, तिच्या मधोमध एक चेंबर होतं. आवार नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा ते नेमकं चेअरमनच्या गाडीच्या जागेत आलं. गाडी वरून गेली की झाकण खडखडायचं, वासही यायचा. त्यांनी कंत्राटदाराला सांगून ते पेव्हर ब्लॉकखाली बुजवून टाकलं. मी तिथं उभा होतो. कमिटीच्या सभेत तो विषय मी येऊ दिला नाही. आवार झकास दिसायला लागलं, लोकांनी माझीही पाठ थोपटली.

पुढं लाइन तुंबायला लागली, म्हणून तो यायला लागला. तोवरचं तुंबलेलं इमारतीजवळच निघायचं, त्या लांब लाइनीत जायची वेळ आली नव्हती. त्या रविवारी सकाळी घाण पार तळमजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. त्यानं इमारतीजवळचं चेंबर उघडलं, गेटजवळचं उघडलं, मधलं अंतर नजरेनं मोजलं आणि मला विचारलं, "मधलं चेंबर कुठाय?"

"मधे नाही."

"असणारच. एवढी लांब लाइन बिनाचेंबरची कोण टाकतो?"

"जुनं बांधकाम आहे. मी लहानाचा मोठा इथं झालोय. मधे चेंबर नाही."

त्या झाकणावर विटा रचून आम्ही क्रिकेटचे स्टंप करायचो. चेंडू आत गेला की काठीला वाटी बांधून काढायचो. मला त्याच्या झाकणाचा रंगसुद्धा आठवत होता. पण गाडी काढायला सांगायची, पेव्हर उखडायचे, म्हणजे चेअरमनना फोन करायचा. आणि मग कुणीतरी विचारणार, हे बुजवलं कुणी, कुणाच्या परवानगीनं. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, आणि मी मान हलवली.

त्यानं मला नीट समजावून सांगितलं. ते मला शब्द न् शब्द आठवतं. "बघा हां शेक्रेटरी. सरळ पाइपात नोझल फिरू शकत नाही, जागाच नसते. पण मधे खड्डा असेल तर ते खड्ड्यात गर्रकन फिरतं आणि आल्या वाटेनं माझ्याकडेच येतं. खड्डा असेल तर मी हळू सोडतो. सरळ असेल तर फुल प्रेशर. बोला."

"सरळ आहे," मी म्हणालो.

त्यानं विश्वास ठेवला. लहानाचा मोठा झालोय म्हणालो होतो ना.

गाडीजवळ ड्रायव्हर पंपाच्या कॉकवर हात ठेवून उभा होता. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांचं सगळं हाताच्या खुणांवर चालायचं. इकडून त्यानं पंजा वर केला, म्हणजे चालू कर. पंप गरजला. गेटजवळच्या चेंबरमधून पाइप सरसर आत जात राहिला, आणि एकाएकी त्याच्या हातात सैल पडला. त्याला कळलं. त्यानं मूठ वर केली, म्हणजे बंद कर. ड्रायव्हरनं कॉक फिरवलाही. पण तेवढ्यात नोझल त्याच चेंबरच्या तोंडातून उसळून बाहेर आलं, एकदा जमिनीवर आपटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर बसलं. डोळ्यांवरचा जाड चष्मा फुटला. हो, चष्मा त्यानं घातला होता. नंतर काहीजण म्हणाले, घातला नव्हता. मी ते खोडून काढलं नाही.

तो खाली बसला. दोन्ही तळहात चेहऱ्यावर. काकू बर्फ घेऊन धावत आल्या. त्यानं हात जरा बाजूला केला, दुसऱ्या डोळ्यानं मला शोधलं आणि म्हणाला, "चेंबर आहे."

मी म्हणालो, "नाही."

मला राग कशाचा येतो म्हणून विचाराल, तर या दुसऱ्या 'नाही'चा. पहिलं भीतीपोटी होतं, आळसापोटी होतं, मी त्याला शंभर नावं देऊ शकतो. पण माणूस रक्तानं माखून समोर बसलाय आणि आपण त्याला सांगतोय की तुझ्या हाताला जे कळलं ते खोटं आहे. ह्याला काय नाव आहे? असेल तर मला सांगा.

दुसऱ्या दिवशी त्याचा मालक आला. लाइन कशी आहे, म्हणून मला विचारलं. मी सरळ आहे म्हणालो. "मग त्याचाच अंदाज चुकला," मालक म्हणाला. त्याला तेच ऐकायचं होतं. डोळा गेला, काम गेलं, आणि कामगाराच्याच हलगर्जीपणामुळे झालं म्हणून मालकानं हात झटकले. चेअरमन मला जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं रे, आपल्यावर काही आलं नाही." मी तो हात झटकला नाही. वर गेलो, जेवलो.

तो एकदाच परत आला, गाडीशिवाय. डोळ्यावर पट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. चेअरमनची गाडी ऑफिसला गेलेली होती. तो त्या रिकाम्या जागेत चालत चालत टाच आपटत होता, आणि एका ठिकाणी थांबला. तिथं पोकळ वाजलं असणार. मी वरून, पडद्याआडून बघत होतो. मग तो जिना चढून माझ्या दाराशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"शेक्रेटरी, डोळा गेला तो गेला. भांडायला नाय आलो. फक्त मालकाला सांगा, चेंबर होतं. तो सगळ्यांना सांगतोय की मला काम येत नाही. कुठंच गाडीवर घेत नाहीत. चेंबर होतं एवढं बोला. कुणी बुजवलं ते नका सांगू."

मी म्हणालो, "बघतो."

तो म्हणाला, "बघतो म्हणजे नाय. मला माहीताय. आमच्याकडे पण असंच बोलतात." आणि उतरून गेला. आतून बायकोनं विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "ड्रेनेजवाला. मदत मागायला आला होता." ती हळहळली, आणि आपण काहीतरी द्यायला हवं होतं म्हणाली.

लाइन पुन्हा तुंबली. तुंबणारच, मधलं चेंबर अजून पेव्हरखालीच आहे. या वेळी चेअरमननी स्वस्तात दोन माणसं आणली. गाडी नाही, पंप नाही. बांबू आणि एक दोरखंड. त्यातला एक शर्ट काढून गेटजवळच्या चेंबरमध्ये उतरायला लागला. त्याचे खांदे आत गेले आणि तळमजल्यावरून काकू ओरडत आल्या, "ए, वर ये आधी! वर ये! ह्या मेल्यांना उतरव त्यात!" त्यांनी त्याचा दंड धरला, तेव्हा तो वर आला. चेअरमन चिडले. मी त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होतो. चपला घातलेला, अंघोळ केलेला, सेक्रेटरी.

त्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "तो आपला कुठं असतो रे हल्ली? तो नीट करायचा." मला कळलं होतं. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, घाटकोपरला गाड्या धुण्याच्या एका सेंटरवर असतो, दुसऱ्यांच्या बोनेटवर पाणी मारतो. मी काकूंना म्हणालो, माहीत नाही.

हे चेअरमन वाचतील. वाचू देत. सोसायटी माझ्यावर कारवाई करील, करू दे. तिला नाकावर रुमाल धरण्यापलीकडे काही येतं का, ते तरी कळेल. पण लिहून त्या माणसाच्या हातात काहीच पडत नाही. तो हे वाचणार नाही, आणि त्याचा मालक तर नाहीच नाही.

मला त्याच्या मालकासमोर उभं राहून, त्या माणसाला शेजारी उभं करून, तोंडानं म्हणायचं आहे: मधे चेंबर होतं, मला माहीत होतं, मी खोटं बोललो. आणि त्याच्याकडे वळून: तुमचा अंदाज चुकला नव्हता. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.