अब्बास फिटरची बारा वर्षं

१२ फेब्रुवारी १९५६, रविवार. महाड.
पहाटे गारठा. डॉक्टर सायकलने बिरवाडीला बाळंतपणासाठी गेले. दत्ताराम गुरुजी साताऱ्याहून परत आले. त्यांच्याबरोबर मी अब्बास फिटरकडे गेले. नंतर तिघेही एस.टी.ने पोलादपूरला. दुपारी बनुबाईचं कुंकू गेलं.

डायरीत घडलं तेवढं लिहायचं, वाटलं ते नाही, अशी सवय मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावली. ती मोडली नाही. म्हणून त्या दिवशीचं बाकी सगळं लिहायचं राहून गेलं. आता डॉक्टर, माझे यजमान, नाहीत आणि गेल्या पावसाळ्यात अब्बासही गेला, तेव्हा लिहिते.

अब्बास स्टँडमागच्या गॅरेजात फिटर होता. आंबेनळीच्या घाटात ट्रक बंद पडला की त्याला बोलावणं यायचं. जीभ चालू असायची. डॉक्टरांना म्हणायचा, "साहेब, सायकलीला इंजिन लावून देतो, पण मग पेशंट तुमच्याआधी पळतील." लढाईत तो विमानदलात होता हे गावाला ठाऊक होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कराचीला होतो. उंट बघितले, लढाई नाय." आणि सगळे हसायचे.

पोलादपूरच्या अलीकडच्या वाडीतला हैबती मात्र खऱ्या लढाईत होता. महाडला इंग्रजी चार यत्ता शिकून तो विमानदलात भरती झाला. वैमानिकाच्या मागे बसून बिनतारी यंत्र सांभाळायचं आणि वेळ आली तर बंदूक चालवायची, हे त्याचं काम. चव्वेचाळीसच्या माघात त्याचं विमान ब्रह्मदेशात आराकानच्या रानात पडलं. घरी सरकारी कागद आला की तो मृत झाला. बनुबाईने, त्याच्या बायकोने, तो कागद मानला नाही. तिचं कारण साधं होतं. शेजारच्या गावातल्या चांगूच्या घरीही तसाच कागद आला होता, आणि चांगू छेचाळीस साली स्वतःच्या पायाने चालत घरी आला, तेव्हा त्याची बायको पांढऱ्या कपाळाने दळत बसली होती. बनुबाई पेन्शन घ्यायची, पण तिला 'ह्यांचा पगार' म्हणायची. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि दर वटपौर्णिमेला उपास.

प्रेत नाही, दहन नाही. अशा माणसाची आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात. मग गवताचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात, आणि त्या दिवशी बायको विधवा होते. माघ लागत होता. हैबतीचा भाऊ सोनबा घाई करत होता. पण अग्नी द्यायचा होता तो मुलाने, म्हणजे दत्तारामने. तो जेमतेम एकोणीस वर्षांचा, पोलादपूरच्या शाळेत मास्तर. मला म्हणाला, "बाई, बाबा कुठं जिवंत असले तर मी जित्या बापाला जाळल्यासारखं होईल. आणि नसले तर आई कुणासाठी उपास करते?"

म्हणून वर्षभर आम्ही शोधत होतो. इंग्रजी पत्रं मी लिहायची. दिल्लीहून पुन्हा तेच उत्तर आलं: मृत, युद्धभूमीवर दफन, जागा अज्ञात. मग त्या तुकडीतल्या माणसांचा शोध. साताऱ्यात एक निवृत्त सार्जंट असल्याचं कळलं आणि दत्ताराम तिकडे गेला. रविवारी सकाळी तो आमच्या ओट्यावर उभा होता, तोंड उतरलेलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला कशाला विचारता? शोधायला गेलेल्यांत तुमच्या महाडचाच अब्बास होता की."

अब्बासचं घर नदीकडच्या मोहल्ल्यात. तो अंगणात बसून मुलीची चप्पल शिवत होता. आम्हा दोघांना एकत्र बघितलं आणि त्याने सुई खाली ठेवली. दत्तारामने साताऱ्याचं नाव काढलं.

"कराचीला होतो मी, गुरुजी," अब्बास म्हणाला. पण त्यात उंट आले नाहीत.

आतून बिल्किस, त्याची बायको, दारात आली. "सांगा ना. दर शबेबरातला हैबतीच्या नावानं फातिहा देता, मला हलव्याचा वेगळा वाटा काढायला लावता. मी इचारलं की म्हणता, दोस्त होता. मग दोस्ताच्या पोराला सांगायला काय होतंय?"

फातिहा मेलेल्यांसाठी देतात, हे मलाही ठाऊक होतं. अब्बासने चप्पल बाजूला ठेवली. मग म्हणाला, "होतो मी तिथं. पण तुला नाय सांगणार, गुरुजी. आधी वैनीला. मला तिच्याकडे ने."

दत्ताराम मला म्हणाला, "बाई, तुम्ही पण चला. आईजवळ कुणीतरी बाईमाणूस पाहिजे." एस.टी.त अब्बास खिडकीबाहेर बघत होता. महाड ते पोलादपूर एवढा वेळ त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

बनुबाई अंगणात पावटे सोलत होती. तिने अब्बासला लगेच ओळखलं. "अगो बया, अब्बासभाई! किती वर्सांनी. बसा, च्या ठेवते." सोनबाही गोठ्याकडून आला.

"च्या नको वैनी. चव्वेचाळीसला रजेवर इथं आलो त्या टायमाला खोटं बोललो. मी कराचीला नव्हतो."

त्याने सांगितलं ते असं. विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही, अलीकडे रानात पडलं. शोधायला चौघे गेले. वैमानिक जळाला होता. हैबती बाहेर फेकला गेला होता, जिवंत. बाकीचे स्ट्रेचर आणायला मागे गेले, अब्बास त्याच्यापाशी बसला. हैबती थोडंच बोलला. पोराचं नाव घेतलं, बनुबाईचं घेतलं. मग गेला. तोवर तोफा सुरू झाल्या, स्ट्रेचर आलंच नाही. अब्बासने हाताने आणि पत्र्याने खड्डा खणला.

"पानी घातलं तोंडात?" बनुबाईने विचारलं.

"घातलं. माझ्या बाटलीतलं."

"पुरलास कसा?" हे सोनबा.

अब्बास थांबला. "आमच्यात पुरतात तसा. तोंड पश्चिमेला केलं. मला जे येत होतं ते म्हटलं. दुसरं मला काय येत नव्हतं."

सोनबा ताडकन उठला. "आमच्या मानसाला तू..."

"गप ऱ्हावा भावजी," बनुबाई म्हणाली. "तुमी होता का तिथं?"

अब्बास हात जोडून उभा राहिला. "हेच भ्यालो मी, वैनी. ते सांगायलाच आलो होतो. तुमी पाट दिला, भाकरी वाढली, हातात हिरव्या बांगड्या, आणि हा गुरुजी मांडीवर येऊन बसला माझ्या. मला नाय जमलं. चूक झाली माझी, पुरला ती."

"पुरलास ती चूक न्हाय रे. उघड्यावर टाकला असतास तर कोल्ह्यांनी नेला असता." तिचा आवाज चढला नव्हता, फक्त 'तुमी'चं 'तू' झालं होतं. "माझ्या घरात जेवलास आनि न बोलता गेलास. बारा वर्सं मी सवाष्ण म्हनून मिरवले. लोकांनी मला मानानं बोलावलं, मी त्यांच्या पोरींच्या ओट्या भरल्या, नवऱ्या पोरींना हळद लावली. ह्याच वाडीतल्या ठकूला लावली. तिचा दादला सा म्हयन्यांत गेला. ती इधवेच्या हातची हळद होती, अब्बास. तुला म्हाईत होतं, मला न्हवतं."

असं काही नसतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तिच्याकडे बघून मिटलं. अब्बासचे जोडलेले हात खाली आले. हिचं कुंकू राखतोय असं समजून तो बारा वर्षं ते ओझं वाहत होता, आणि आता कळलं की त्याने ते तिच्याच डोक्यावर ठेवलं होतं.

बनुबाई उठली. म्हातारी येसूबाई, शेजारची विधवा, कुणी न बोलावता आली होती. दोघी आत चालल्या. मीही उठले.

"तुमी भायेरच बसा बाई," येसूबाई म्हणाली. "सवाष्णीनं बघू नये."

सोनबाने अब्बासला जायची खूण केली. आतून बनुबाई म्हणाली, "जाऊ नका देऊ त्याला. ऐकू दे."

मग परसदारच्या पाट्यावर चुडा फुटल्याचा आवाज आला. एका हाताचा, मग दुसऱ्या हाताचा. ती रडली नाही. रडला तो दत्ताराम. अब्बास भिंतीला टेकून उभा होता, आणि प्रत्येक आवाजाला त्याची मान खाली जात होती. शेवटी सोनबानेच त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याने घेतला, पण प्याला नाही.

परतताना स्टँडवर दत्ताराम म्हणाला, "बाई, मी साताऱ्याला गेलोच नसतो तर? काकांनी विधी करवलाच असता. पण आईला तो खोटा तरी वाटला असता. मनात तिने कुंकू लावलंच असतं."

"तुम्हाला खरं हवं होतं, गुरुजी."

"मला हवं होतं," तो म्हणाला. "तिला नको होतं."

गवताचा पुतळा त्यांनी पुढच्या आठवड्यात नदीकाठी जाळला. अब्बास तिथे आला नाही, येऊ शकत नव्हता. बनुबाई पुन्हा त्याच्याशी बोलली नाही, आणि कुणाच्या लग्नाच्या मांडवातही गेली नाही. ठकूला मात्र तिने घरी आणून ठेवलं, शेवटपर्यंत. शबेबरातला बिल्किस एका वाटीत हलवा घालून शाळेत पाठवायची. दत्ताराम गुरुजी तो खायचे आणि घरी सांगायचे नाहीत. अब्बास घाटात ट्रक दुरुस्त करत राहिला. डॉक्टरांच्या सायकलीला इंजिन लावायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. कराचीचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आराकान."

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा डॉक्टर परतले होते. बिरवाडीला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी डोक्यावरून अंघोळ केली. आरशासमोर कुंकू लावायला उभी राहिले आणि बोट करंड्यात तसंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, "जेवायला वाढतेस ना?" मग लावलं.

रात्री पानाच्या तळाशी लिहिलं: बंबाची लाकडं संपली. उद्या रामाला एक गाडी सांगायची.