मुरू न दिलेला चहा

आमच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या मावशी तोंडाच्या भारी फटकळ. मी पानाफुलांच्या चहातले अँटिऑक्सिडंट मोजत होते. ते भरपूर असले, की चहात मिसळलेलं जांभळं द्रावण पिवळं पडतं. माझं तिन्ही वेळा जांभळंच राहिलं. मी चहाच्या कंपनीला नावं ठेवली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मावशी म्हणाल्या. "मिनिटभरात गाळता. दहा मिनिटं झाकून ठेवा, मुरू तर द्या!"

ठेवला. द्रावण लिंबासारखं पिवळं झालं.

मावशी भांडी उचलायला आल्या.

"राहू द्या, आज मी धुते," मी म्हणाले.

धुतली. त्यातली दोन मावशींनी मला परत धुवायला लावली.